वर्क्सवर्थला जाताय? शिशाच्या खाणींच्या जुन्या बाजारगावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्क्सवर्थ नेमके आहे कुठे, आणि तिथे का जायचे?

इंग्लंडच्या मधोमध, डर्बीशायर परगण्यात, डर्बी शहराच्या उत्तरेला साधारण २१ किलोमीटरवर. वस्ती पाच हजारांच्या आसपास. बहुतेक पर्यटक बेकवेल किंवा मॅटलॉक बाथ गाठायच्या घाईत याला वळसा घालून जातात. त्यामुळे गाव अजून गावासारखे राहिले आहे, उताराचा चौक, दगडी घरे, आणि घरांच्या मागे अचानक उघडणारी खाण. रोमन काळापासून इथल्या डोंगरातून शिसे निघत होते. इसवी सन ८३५ मधल्या एका दानपत्रात रेप्टनच्या मठाच्या प्रमुख स्त्रीने इथली जमीन देताना अट घातली होती की दरवर्षी ३०० शिलिंग किमतीचे शिसे कँटरबरीच्या आर्चबिशपला पोचले पाहिजे. पुढे खाणी बंद झाल्या, त्यांचा कायदा मात्र आजही जिवंत आहे. बाकीचे सगळे त्या कायद्याच्या अनुषंगाने पाहिले तर गाव लवकर उलगडते.

किती वेळ लागतो? दोन तासांत होईल का?

चौक, चर्च आणि एक कप चहा एवढेच हवे असेल तर होईल. नीट पाहायचे तर पूर्ण दिवस ठेवा. वरच्या डोंगरावरची पायवाट आणि छोटी रेल्वे दोन्ही हवी असतील तर एक मुक्काम करा.

कोणत्या दिवशी जावे?

इथेच बहुतेकांचे चुकते. सगळे एका दिवशी उघडे असेल असा दिवसच नाही. आठवडी बाजाराचा वार मंगळवार, आणि बाजाराची सनद १३०६ सालची, पहिल्या एडवर्ड राजाची. स्टीपल ग्रेंजची छोटी रेल्वे मुख्यतः रविवारी आणि बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, तीही ईस्टर ते ऑक्टोबर या काळातच धावते. एकल्सबोर्न व्हॅलीची मोठी गाडी शनिवार-रविवारी आणि हंगामात काही इतर वारी असते. वारसा केंद्र हिवाळ्यात काही दिवस बंद राहते.

म्हणून आधी ठरवा, बाजार हवा की गाड्या. मुले बरोबर असतील तर रविवार. एकटे किंवा दोघे असाल, गर्दी नको असेल, तर मे ते सप्टेंबरमधला एखादा मंगळवार. निघण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही रेल्वेंचे वेळापत्रक बघूनच निघा. डोंगरातल्या स्टेशनवर पोचून फलक वाचत बसण्याइतके वाईट काही नाही.

गाडी नाही. कसे पोचायचे?

तीन मार्ग आहेत.

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून डर्बी साधारण दीड तास. डर्बीहून बेल्परमार्गे मॅटलॉककडे जाणारी बस वर्क्सवर्थच्या चौकात सोडते, पाऊण तास धरा. संध्याकाळी आणि रविवारी फेऱ्या कमी असतात, तेव्हा परतीची शेवटची बस उतरताच विचारून ठेवा.

दुसरा मार्ग जास्त मजेचा. डर्बी-मॅटलॉक लोकलने डफिल्डला उतरायचे. त्याच स्थानकाला लागून एकल्सबोर्न व्हॅली रेल्वेचा फलाट आहे. ही ८.५ मैलांची जुनी शाखा १८६७ मध्ये सुरू झाली, प्रवासी गाड्या १९४७ मध्ये बंद झाल्या, दगडाची वाहतूक १९८९ पर्यंत चालली. स्वयंसेवकांनी रूळ दुरुस्त करून २०११ मध्ये डफिल्डपर्यंत पुन्हा गाडी आणली. बहुतेक फेऱ्या डिझेल रेलकारच्या, वाफेचे इंजिन ठरावीक दिवशीच. कोळशाचा धूर हवा असेल तर तिकीट काढण्याआधी तेवढे तपासा, नाहीतर मुलांचा हिरमोड होतो.

तिसरा मार्ग पायाचा. त्याच लोकलने क्रॉमफर्डला उतरून चढण चढत यायचे, सुमारे तीन-चार किलोमीटर. येताना दम लागतो. जाताना मात्र हाच मार्ग उत्तम.

गाडी कुठे लावू?

चौकात जागा मोजक्या आणि उताराच्या. बारमोट क्रॉफ्टचा वाहनतळ गावाच्या मधल्या भागाजवळच आहे, आणि नावातच पुढच्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे.

हे 'बारमोट' काय प्रकरण आहे?

शिशाच्या खाणींचे न्यायालय. इंग्लंडमधल्या सगळ्यात जुन्या चालू न्यायालयांपैकी एक म्हणून ते ओळखले जाते. आज खटले नाहीत, तरी चॅपल लेनवरच्या मूट हॉलमध्ये वर्षातून एकदा, साधारण एप्रिलमध्ये, ते भरते. पंच शपथ घेतात आणि त्यांना पाव, चीज, बिअर, मातीची चिलीम व तंबाखू मिळते.

कायदा मुळात साधा आणि आश्चर्यकारक आहे. या मुलखात कोणीही, दुसऱ्याच्या जमिनीवरही, शिसे शोधू शकत असे. वगळलेल्या जागा ठरलेल्या होत्या: घर, बाग, फळबाग, चर्चचे आवार आणि हमरस्ता. खनिजाची शीर सापडली की बारमास्टर नावाच्या अधिकाऱ्याला बोलवायचे आणि खनिजाचे एक माप देऊन हक्क मोकळा करून घ्यायचा. मग शिरेवर 'मीर' आखले जात. वर्क्सवर्थच्या भागात एक मीर म्हणजे २९ यार्ड, सुमारे साडेसव्वीस मीटर. पहिले दोन शोधणाऱ्याचे, तिसरा राजाचा. याशिवाय निघालेल्या खनिजातले दर तेरावे माप राजाला जाई.

खाण अडवून ठेवणाऱ्यालाही वेसण होती. तोंडावरच्या लाकडी रहाटावर, ज्याला इथे 'स्टो' म्हणत, काम बंद दिसले की बारमास्टर खाच पाडायचा. तीन आठवड्यांत तीन खाचा पडल्या की हक्क दुसऱ्याकडे. आत पाणी भरले किंवा हवा कोंदली असेल तर मात्र खाच नाही. कसेल त्याची जमीन हे आपण ऐकलेले, इथे खणेल त्याची शीर.

आणि ती प्रसिद्ध 'डिश'?

खायची नव्हे, मापायची. आपल्याकडे धान्याला पायली, तसे इथे खनिजाला डिश. १५१३ सालचे प्रमाणित पितळी माप मूट हॉलमध्ये साखळीने बांधलेले आहे. आकार लांबट चौकोनी, सुमारे १४ पिंट मावतात, म्हणजे आठ लिटरांच्या आसपास. खनिजाने भरले की वजन तीस किलोंना टेकते. खाणकामगारांनी आपापली लाकडी मापे या पितळी मापाशी आणून जुळवायची, हा त्याचा उपयोग. नऊ डिश म्हणजे एक 'लोड'.

मूट हॉल आतून पाहता येतो का?

रोज नाही. १८१४ ची ही छोटी इमारत न्यायालयाच्या दिवशी आणि काही खास प्रसंगी उघडते. बंद असली तरी रस्त्यावरून दर्शनी भाग नीट पाहा. खाणकामगारांची हत्यारे आणि तराजू कोरलेले दगडी फलक तिथे आहेत. पाच मिनिटांचे काम, पण ते आधी पाहिले तर चर्चमध्ये काय शोधायचे ते कळते.

चर्चमध्ये काय शोधायचे?

सेंट मेरीज चर्च गोल आवारात आहे. आत दोन दगड आहेत, त्यांच्यासाठीच जायचे.

पहिला वर्क्सवर्थ स्टोन, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचे सॅक्सन काळातले शवपेटीचे झाकण. १८२० मध्ये फरसबंदी उचलताना वेदीपुढे पालथे सापडले, खाली हाडांचा सांगाडा होता. ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग दाटीने कोरले आहेत. डावीकडून वाचायला लागा, एकेक मूर्ती ओळखायला दहा मिनिटे जातात. उजेड बाजूने पडेल अशी वेळ साधा, समोरून फ्लॅश मारलात तर सगळे सपाट दिसेल.

दुसरा 'टाउड मॅन', म्हणजे बोली उच्चारात 'म्हातारा माणूस'. हातात कुदळ, दुसऱ्या हातात टोपली, एवढाच एक खाणकामगार. तो इथला नव्हे, शेजारच्या बॉन्सल गावच्या चर्चमधून आणून एकोणिसाव्या शतकात या भिंतीत बसवला. हा शब्द इथल्या लोकांच्या तोंडी दोन अर्थांनी यायचा, आधी खणून गेलेली माणसे आणि त्यांनी सोडलेले जुने बोगदे. नवी खाण जुन्या पोकळीत फुटली की 'टाउड मॅन इथे येऊन गेलाय' असे म्हणत. मूर्ती लहान आणि भिंतीत वर आहे, नजर वर न नेता निघून येणारेच जास्त.

सप्टेंबरमध्ये गेलात तर 'क्लिपिंग' पाहायला मिळू शकते. गावकरी हात धरून संपूर्ण चर्चभोवती कडे करतात.

जमिनीखाली खरी खाण पाहायची आहे. गावात आहे का?

पर्यटकांसाठी खुली खाण गावात नाही. जवळची सोय मॅटलॉक बाथला, पाच-सहा किलोमीटरवर. तिथल्या खाण संग्रहालयाजवळ टेंपल माइन आहे. तिथेच हाइट्स ऑफ अब्राहम नावाचा डोंगर आहे, १९८४ पासून वर जाणारी केबल कार आणि आत ग्रेट मॅसन व ग्रेट रटलंड या गुहा. लहान मुलांना हे बरे. खऱ्या खणलेल्या बोगद्यात वाकून चालायचे असेल तर व्हाया गेलिया दरीतली गुड लक माइन काही ठरावीक दिवशी स्वयंसेवक दाखवतात. आत थंडी असते, एक जाड थर जास्त घाला. हेल्मेट ते देतात, बूट तुमचे.

वारसा केंद्रात काय आहे?

सेंट जॉन्स स्ट्रीटवरचे हे केंद्र लहान आहे, पण डोंगर चढण्याआधी पाहावे. शिशाच्या खाणी, दगडाच्या खाणी, कापड आणि फीत हे सगळे एका ठिकाणी. इथली सर्वांत विलक्षण गोष्ट गेंड्याची. १८२२ मध्ये गावाजवळच्या ड्रीम माइनमध्ये शिशामागे जाणारे कामगार एका गुहेत उतरले आणि जवळजवळ पूर्ण लोकरी गेंड्याचा सांगाडा हाती लागला. हिमयुगातला प्राणी, हाडे पुढे ऑक्सफर्डला गेली.

फितीचे काय ते?

सरकारी कागद बांधायची लाल फीत! हार्लेम आणि स्पीडवेल या इथल्या गिरण्यांत ती विणली जायची आणि लंडनच्या सरकारी कचेऱ्यांना जायची. दर आठवड्याला पृथ्वीला गुंडाळता येईल एवढी फीत निघे, असे गावात म्हणतात. 'लालफितीचा कारभार' म्हणत तहसील कचेरीत चपला झिजवलेल्या प्रत्येक मराठी माणसाने या गिरणीसमोर दोन मिनिटे उभे राहावे.

हार्लेम मिल मुळात रिचर्ड आर्कराइटची, १७८० ची सूतगिरणी. त्याची त्याआधीची, १७७१ ची पाण्यावर चालणारी पहिली गिरणी खाली क्रॉमफर्डला. ती आणि तिथल्या डर्वेंट नदीकाठच्या गिरण्या २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

क्रॉमफर्डची गिरणी आणि शिशाच्या खाणी यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो कळला की दोन्ही जागा एकत्र पाहाव्याशा वाटतात. खाणी खोल गेल्या की पाणी भरायचे. ते काढायला डोंगराच्या पायथ्यापासून आडवे बोगदे खणत, त्यांना 'सफ' म्हणतात. क्रॉमफर्डच्या सफमधून येणारे पाणी जमिनीखालचे, म्हणून थोडे कोमट, कडाक्याच्या थंडीतही न गोठणारे. आर्कराइटने गिरणीसाठी तीच जागा धरली त्यामागे हे मोठे कारण. पण खाणमालकांना अजून खोल जायचे होते. १७७२ मध्ये त्यांनी त्याहून खालच्या पातळीवर मीरब्रुक सफ खणायला घेतला. तो पुढे सरकत गेला तसे वरच्या सफचे पाणी त्याने ओढून घेतले, आणि एकोणिसाव्या शतकात क्रॉमफर्डच्या चाकांना पाणी कमी पडू लागले. मीरब्रुक अजून वाहतो. त्याचे पाणी आज पिण्याच्या पुरवठ्यासाठी वापरतात.

एवढे पाणी काढूनही खाणी टिकल्या नाहीत. सोप्या शिरा संपल्या, खोल जाण्याचा खर्च वाढला आणि बाहेरून स्वस्त शिसे येऊ लागले.

डोंगरावर कुठे फिरायचे?

तीन जागा पुरेत.

ब्लॅक रॉक्स: वालुकाश्माचे काळे कडे, खाली खाणीच्या कचऱ्याचे ढीग. कड्याच्या माथ्यावरून क्रॉमफर्डची दरी दिसते. ओल्या दिवशी कडा साबणासारखा निसरडा होतो, सह्याद्रीतल्या पावसाळी कातळाची सवय असेल तरी भरवसा ठेवू नका.

मिडलटन टॉप: क्रॉमफर्ड-हाय पीक रेल्वेच्या १८२९ च्या इंजिनघरासाठी. गाडीला स्वतः चढता येणार नाही अशा, सव्वाआठ फुटांना एक फूट चढणाऱ्या उतारावरून डबे दोरखंडाने वर ओढायचे, त्यासाठी हे स्थिर वाफेचे यंत्र १९६३ पर्यंत चालले. रेल्वे १९६७ मध्ये संपली आणि तिच्या जागेवर १७ मैलांची हाय पीक ट्रेल झाली. सायकलने जाणार असाल तर लक्षात घ्या, वाट सपाट आहे ती उतार सोडून. उतारावर ब्रेक तापतात, उतरून चाला.

तिसरी गँग माइन, आणि आमच्या मते सगळ्यात चांगली. दिसायला खड्डे आणि उंचवटे असलेले ओबडधोबड गवताळ रान. पण मे-जूनमध्ये वाकून बघा. शिशाने विषारी झालेल्या मातीत बाकीचे गवत मागे पडते आणि लेडवर्टची बारीक पांढरी चांदणी फुले, डोंगरी पॅन्सीची पिवळी फुले तिथे राज्य करतात. जुने खाणकामगार लेडवर्ट पाहून शीर कुठे ते ओळखत.

तिथे धोका काय?

तीन धोके खरे आहेत. जुन्या खाणींची विहिरींसारखी तोंडे: या परिसरात शेकड्यांनी आहेत, बहुतेक झाकलेली. कुंपण, दगडी घुमटी किंवा लाकडाच्या जुन्या फळ्या दिसल्या तर त्यावर पाय ठेवू नका, फळ्या आतून कुजलेल्या असतात. दुसरे, माती. शिशामुळे गुरांना होणाऱ्या विषबाधेला इथे 'बेलँड' म्हणत आणि अशा कुरणात गुरे सोडत नसत. लहान मुलांना ढिगाऱ्यावर मातीत खेळू देऊ नका, खाण्याआधी हात धुवा, कुत्र्याला डबक्यातले पाणी पिऊ देऊ नका. तिसरे, दगडखाणींचे उभे कडे. त्यांच्या काठापासून दूर राहा.

गावामागची ती प्रचंड पोकळी कसली?

चुनखडीची खाण. शिसे संपल्यावर दगड निघू लागला. डेल क्वारीला गावकरी 'बिग होल' म्हणायचे. १९२५ नंतर ती पुन्हा जोरात सुरू झाली आणि घरांवर पांढरी धूळ बसू लागली. माणसे सोडून गेली, घरे पडायला आली. १९७८ मध्ये सुरू झालेल्या दुरुस्ती प्रकल्पाने गाव सावरले आणि १९८३ मध्ये त्याला वारसा जतनासाठीचा युरोपा नॉस्ट्रा पुरस्कार मिळाला. आज ज्या सुबक घरांचे फोटो काढता, त्यातली कित्येक तेव्हा पाडायच्या बेतात होती.

पझल गार्डन्स शोधायला गेलो तर सापडत नाही. कुठे आहे?

ती बाग नाहीच, म्हणून सापडत नाही. डेल आणि ग्रीनहिल या दोन चढणींच्या मधल्या उतारावर जशी जागा मिळाली तशी रचलेली घरे, त्यांची परसदारे आणि त्यातून वाट काढणाऱ्या गल्ल्या, ज्यांना इथे 'जिटी' म्हणतात, हे कोडे म्हणजे पझल गार्डन्स. एखाद्याचे अंगण दुसऱ्याच्या छपराच्या पातळीला येते. नकाशा बंद करा आणि चढ असेल त्या दिशेने जा. माणसे राहतात, तेव्हा खिडकीतून डोकावू नका.

स्टारडिस्क काय आहे, आणि रात्री जाता येते का?

स्टोनी वूड या जुन्या दगडखाणीच्या जागी लावलेल्या रानात १२ मीटर व्यासाचे काळ्या ग्रॅनाइटचे वर्तुळ, त्यावर उत्तर गोलार्धातले तारे कोरलेले. २०११ मध्ये झाले. पैसे नाहीत, कुलूप नाही. चौकातून चढत पंधरा मिनिटे. सूर्यास्ताच्या आधी पोचा, खालचे गाव पाहा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. डोक्याला बांधायची बॅटरी हवीच, पायवाटेला दिवे नाहीत. एप्रिल-मेमध्येही संध्याकाळी कानटोपी लागते.

मुलांसाठी?

स्टीपल ग्रेंजची रेल्वे. रुळांमधले अंतर फक्त १८ इंच, खाणीतल्यासारखे छोटे डबे, आणि वाट जुन्या दगडखाणीच्या फाट्यावरून. जवळच नॅशनल स्टोन सेंटर आहे, तिथे ३३ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातले जीव दगडात दिसतात. बोटाने दाखवून द्या, मुले पुढे स्वतः शोधतात. ब्रिटनच्या निरनिराळ्या भागांतल्या पद्धतींच्या बिनचुन्याच्या भिंतींचे १९ तुकडे सलग उभे केले आहेत, तेही पाहण्यासारखे.

वेल ड्रेसिंग, म्हणजे पाकळ्यांच्या चित्रांनी विहिरी सजवणे, कधी असते, आणि ते नेमके करतात कसे?

मे महिन्याच्या शेवटच्या बँक हॉलिडेला. १८२७ मध्ये गावात नळाने पाणी आले, त्या कृतज्ञतेतून इथली पद्धत वाढली, म्हणजे सजतात ते मूळचे नळ.

लाकडी फळ्या काही दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, कोरडी फळी चिखलातले पाणी शोषून घेते आणि माती तडकते म्हणून. मग मीठ मिसळलेल्या ओल्या मातीचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर, मीठ ओल धरून ठेवते. कागदावरचे चित्र त्यावर टेकवून टाचणीने टोचतात. रेषांना बिया, साल, लहान शंकू. शेवटी पाकळ्या, आणि त्या खालून वर, कौले घालतात तशा एकावर एक चढवत, म्हणजे पाऊस ओघळून जातो. वरून खाली लावल्या तर पहिल्या सरीत पाणी आत शिरते. रांगोळी येणाऱ्यांचे हात शिवशिवतील. आठवडाभरात रंग उतरतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत जा.

शाकाहारी जेवण मिळेल का? स्थानिक काय खावे?

चहाघरांत शाकाहारी सहज मिळते. डर्बीशायर ओटकेक मागा. नाव केक असले तरी ओटचे पीठ यीस्टने फुगवून तव्यावर घातलेला मऊ, जाळीदार प्रकार, आंबोळीचा सख्खा भाऊ. चीज आणि मशरूम घालून गरम खावे. बेकनसोबत देण्याची पद्धत आहे, म्हणून मागतानाच नको सांगा. बेकवेल पुडिंगमध्ये अंडे असते.

आईवडिलांना घेऊन जाता येईल का?

चौक, वारसा केंद्र, चर्च आणि एकल्सबोर्नची गाडी एवढे जमेल. चौकच उताराचा आहे, तेव्हा गुडघे दुखत असतील तर वरच्या बाजूला उतरवा आणि खाली चालत या. पझल गार्डन्स आणि स्टारडिस्क मात्र त्यांच्यासाठी नाहीत. तेवढ्या वेळात त्यांना चर्चच्या आवारातल्या बाकावर उन्हात बसवा. पाऊस असेल तर गाडीतून डफिल्डची फेरी मारून परत या, खिडकीतून हिरवळ छान दिसते.